माझी थकबाकी परत द्या

दातांच्या डॉक्टरला एक सुख असतं. समोरचा माणूस कितीही विद्वान असो, त्याच्या तोंडात आरसा घातला की तो गप्प बसतो. सदाशिव पेठेत क्लिनिक चालवायचं तर या सुखाची किंमत फार. इतक्या वर्षांत ते सुख मला एकाच पेशंटने मिळू दिलं नाही. प्रमिला दामले. पहिल्याच भेटीत, तोंडात कापूस, अर्धी जीभ बधिर, अशा अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "हॉक्टर, हुमच्या हारातला हुटपाथ हितव्यांदा हुकरलाय?"

मी कापूस काढला.

"तुमच्या दारातला फुटपाथ कितव्यांदा उकरलाय, असं विचारतेय," त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. धूळ आत येऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं होतं, एवढाच माझा त्या फुटपाथशी संबंध.

"तिसऱ्यांदा. पहिले ब्लॉक चांगले होते, दुसरेही चांगले होते. आता दगड बसवतायत. तुम्ही चांगला दात उपटून तिथे नवा बसवता का हो?"

"नाही."

"पालिका बसवते. आणि बिल मला पाठवते."

मग मी त्यांना रूट कॅनॉलची गरज समजावून सांगायला लागलो. मी मन लावून बोलत होतो आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मध्येच त्यांनी अगदी मऊ, सरळ आवाजात विचारलं, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

मला वाटलं, भूल डोक्यात गेली. पण ती त्यांची जुनी खोड होती. दामलेबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. पूर्वी परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे, आणि अखेर फोन लागून बोलणं जरा रंगात आलं की एक बाई मध्येच विचारायची, तीन मिनिटं झाली, वाढवू का? ती बाई म्हणजे या. निम्म्या पुण्याची लग्नं आणि भाऊबंदकी मी तीन-तीन मिनिटांत ऐकली आहे, असं त्या सांगायच्या. ऐकलेलं मात्र कधी कुणाला सांगायच्या नाहीत. पुढे फोन थेट लागायला लागले, ते काम संपलं आणि खात्याने त्यांना तक्रार विभागात नेऊन बसवलं. तिथे त्यांनी निवृत्तीपर्यंत लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

"आयुष्यभर तक्रारी ऐकल्या, डॉक्टर," त्या म्हणायच्या. "आता माझी पाळी आहे."

त्या माझ्या क्लिनिकच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मिलिंद बाणेरला, आयटीतला. बाई ठेंगण्या, चष्मा जाड, खांद्यावर कापडी पिशवी. हेडफोन लावून वर्षं काढल्यामुळे ऐकताना मान डावीकडे कलायची, त्यामुळे समोरच्याला वाटे की बाईंना आपलं पटतंय. अनेक अधिकारी या मानेला फसले. आवाज मात्र कधी चढला नाही. आवाज चढवला की लाइन खराब होते, असं त्यांचं शास्त्र होतं. पेठेतली बाकीची मंडळी तावातावाने भांडून, घसा बसवून घरी यायची आणि बाई अजून कार्यालयातच बसलेल्या असायच्या. एकदा एका साहेबाने त्यांना सांगितलं, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

"अहो, हे वाक्य मी रोज म्हणायचे," बाई म्हणाल्या. "त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. एक खुर्ची द्या, मी थांबते."

साहेब जेवून आला, बाई होत्या. साहेब मीटिंग करून आला, बाई होत्या. शेवटी रस्त्यावरचा दिवा दुरुस्त झाला.

फुटपाथच्या विरुद्ध त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. संक्रांतीचे दिवस होते. उकरलेले जुने ब्लॉक गल्लीच्या तोंडाशी ढिगाने पडले होते. बाईंनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या, त्यातले धडके ब्लॉक निवडून नळाखाली घासून धुतले आणि जाहीर केलं की यंदाचं हळदीकुंकू पालिकेच्या कार्यालयात. वाण म्हणून प्रत्येक टेबलावर एक ब्लॉक द्यायचा.

एका आजींना शंका आली. त्या जरा अवघडून म्हणाल्या, "पण प्रमिलाताई, तुम्ही कसं... म्हणजे यजमान नाहीत ना तुमचे..."

"हळदीकुंकू माझं नाहीच मुळी, फुटपाथचं आहे," बाई म्हणाल्या. "तो सवाष्ण आहे. त्याचा कंत्राटदार अजून जिवंत आहे."

आजी सगळ्यात पुढे चालल्या. मी क्लिनिक बंद करून मागून गेलो, कारण असला प्रकार कुणी चुकवतं का? वीसेक बायका जरीच्या साड्या नेसून कार्यालयात शिरल्या. आधी तिथल्या बायकांना हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला. मग अभियंत्याच्या टेबलापाशी आल्या. तरुण पोरगा होता, बहुधा नवीनच लागलेला. त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि टेबलावर ब्लॉक. मग दुसरीने ठेवला. मग तिसरीने.

"मॅडम, हे काय? हे घेऊन जा," तो म्हणाला.

"असं म्हणू नये हो," बाई अगदी मऊपणे म्हणाल्या. "संक्रांतीचं वाण परत करायचं नसतं. तुमच्या आईंना विचारा."

पोराने खरंच आईला फोन लावला की काय, कोण जाणे. पण ब्लॉक परत करायचं धाडस त्या कार्यालयात एकालाही झालं नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे बघत उभे राहिले. नंतर पुष्कळ दिवस ते ब्लॉक टेबलाखाली होते आणि तो पोरगा पाय आखडून बसायचा. त्या वर्षी शेजारच्या गल्ल्या पुन्हा उकरल्या, आमची राहिली.

हे सगळं गमतीचं झालं. पण मग दवाखान्याचं आलं आणि गंमत कमी झाली.

आमच्या मागच्या रस्त्याला पालिकेचा एक दवाखाना होता. दोन खोल्या, बाहेर चार पायऱ्या, एक बाक. माझ्या क्लिनिकची झाडलोट करणारी आणि बाईंकडे भांडी घासणारी मंगल, तिची रक्तदाबाची गोळी तिथून यायची. अशा किती मंगल त्या बाकावर बसायच्या. एक दिवस दाराला कुलूप लागलं, 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आली, आणि ना दुरुस्ती आली ना डॉक्टर. त्याच सुमारास चौकात मोठमोठी दिव्यांची अक्षरं उभी राहिली, मध्ये लाल बदाम, शेजारी कारंजं. लोकांनी पुढे उभं राहून फोटो काढावेत म्हणून.

एका सकाळी फरशी पुसता पुसता मंगल माझ्यासमोर कोसळली. मी दाब मोजला, तो फारच वर गेला होता. गोळी कधीपासून बंद आहे, म्हणून विचारलं.

"दवाखान्याला कुलूप हाय की," ती म्हणाली. "इकत घ्यायची म्हणलं तर पोरांच्या फिया निघाल्यात. म्हणलं, उघडंल आठ दिवसांत."

बाई आवाज ऐकून खाली आल्या होत्या. त्यांनी मंगलला पाणी पाजलं, स्वतःच्या पैशाने तिच्या गोळ्या आणवल्या. मग माझ्या खुर्चीत येऊन बसल्या.

"हिच्या मी आणीन," त्या म्हणाल्या. "त्या बाकावरच्या बाकीच्यांच्या कोण आणणार? मी पट्टी भरते ती कारंज्यासाठी नाही भरत."

घरपट्टीला त्या नुसतं पट्टी म्हणायच्या. आणि त्या दिवशी त्यांनी ठरवलं की दवाखाना उघडेपर्यंत पट्टी भरायची नाही.

गच्चीवर सभा झाली. पेठ पेटली होती. निवृत्त बँक मॅनेजर पटवर्धनांनी कौटिल्यापासून सुरुवात केली आणि ते पेशवाईपर्यंत पोचायच्या आत बाईंनी त्यांना तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं. कर भरायचा नाही, असा ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले. काहींनी दोन्ही केले. मी भाडेकरू, कर भरणार घरमालक, त्यामुळे माझ्या हाताला किंमत नव्हती.

चूक एवढीच झाली की हे एप्रिलमध्ये घडलं. मे अखेरपर्यंत बिल भरलं की त्यात सूट मिळते. मे संपत आला तेव्हा बाई दवाखान्यासाठी आणखी एक अर्ज द्यायला कार्यालयात गेल्या, तर खिडकीसमोर लांबलचक रांग. रांगेत अख्खी गच्ची उभी. बाईंना बघून कुणी बिलाने वारा घ्यायला लागलं, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, आणि पटवर्धन म्हणाले, "मी आपला चौकशीला आलोय." हळदीकुंकवाला पुढे चालणाऱ्या आजीसुद्धा रांगेत होत्या.

मला वाटलं, बाई संतापतील. त्या क्लिनिकमध्ये आल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "पुणेकराला कर भरू नका सांगता येतं, डॉक्टर. सूट सोडा म्हणून सांगता येत नाही."

"मग आता?"

"आता मी एकटी."

आणि खरोखर एकट्या राहिल्या. सूट गेली, मग दंड चढायला लागला. नोटिसा येत राहिल्या. मिलिंद दर रविवारी येऊन समजावत राहिला. आणि एका सकाळी आमच्या दारात बँड आला.

थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवून त्याला लाज आणायची, अशी मोहीम निघाली होती. दोन ट्रम्पेट, एक ढोल, एक खुळखुळेवाला आणि बरोबर करवसुलीचे पोकळे, हातात कागद घेऊन, चेहरा दुखऱ्या दाढेच्या पेशंटसारखा. बँड सुरू झाला तशा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाई गॅलरीत आल्या, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "थांबा हं, आलेच."

त्या औक्षणाचं ताट घेऊन खाली आल्या. त्यांनी चौघा वाजवणाऱ्यांना कुंकू लावलं, ओवाळलं, पेढा दिला. मग ट्रम्पेटवाल्याला म्हणाल्या, "किती रडकं वाजवताय हो. लग्नाच्या वरातीतलं वाजवा की जरा."

ट्रम्पेटवाल्याने पोकळ्यांकडे पाहिलं. पोकळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. मग काय, वरात सुरू झाली. मंगलने पदर खोचून ठेका धरला आणि वरच्या मजल्यावरची विद्यार्थी मंडळी खाली येऊन नाचायला लागली. मोबाइल निघाले. दम खायला बँड थांबला तेव्हा बाई पायरीवर चढल्या.

"मंडळी, या घरात आल्यापासून मी दर वर्षी वेळेवर पट्टी भरली. पालिकेचा एक माणूस कधी हा जिना चढला नाही. एक वर्ष भरली नाही, तर बघा, बँड घेऊन आले. दवाखान्यासाठी मी अर्जावर अर्ज केले. बँडसाठी मला एकही करावा लागला नाही."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघून भरून आलं, हे सांगून टाकतो.

नंतर पोकळे माझ्या क्लिनिकमध्ये चहा घेत बसले. बाईही होत्या.

"मॅडम, भरून टाका की," ते काकुळतीने म्हणाले. "पुढं जप्ती हाय. घराला सील ठोकाया मलाच धाडत्याल. मला न्हाय व्हायचं ते."

"तुमचं गाव कुठलं, पोकळे?"

"हितंच, सिंहगडाच्या बाजूला. पालिकेत घेतलं न्हवं का आमाला. पट्टी वाढली, पानी न्हाय वाढलं."

"दवाखाना?"

"न्हाईच की आमच्याकडं. तुमचा बंद तरी हाय."

"मग तुम्ही पट्टी भरलीत?"

पोकळ्यांनी बशीत बघितलं. "मी नोकर मानूस, मॅडम. अख्ख्या गावात पयली माझी."

बाईंनी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

घर खरंच जाईल की काय, ही धास्ती आता मलाही लागली. बाईंना विचारलं तर म्हणायच्या, "जाऊ दे की. घराला सील लागलं तर पेपरात येईल, आणि पेपरात आलं तर कुलूप निघेल. माझ्याजवळ दुसरं आहे काय, डॉक्टर? एक थकबाकी आहे." थकबाकीदार हा शब्द त्या अशा उच्चारायच्या की एखाद्याला वाटावं, बाईंना बढती मिळाली आहे.

आणि चार दिवसांनी पोकळे जिना चढून वर गेले, हसतमुख. मी त्यांच्या मागोमाग गेलो, कारण त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, लई बेस केलंत," ते दारातूनच म्हणाले. "सगळा भरणा झाला. दंडासकट."

"कुणाचा?"

"तुमचा की. ऑनलाइन आलाय."

बाई भांडी पुसत होत्या. हातातली वाटी त्यांनी हळूच ओट्यावर ठेवली. भरणा कुणी केला, हे त्यांनी विचारलं नाही. पैसे मिलिंदने भरले होते.

मिलिंद मला त्या रविवारी जिन्यात भेटला. वर जायचा धीर होत नव्हता, म्हणून माझ्या दाराशी घुटमळत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण शाळेत मार खाऊन आल्यासारखा दिसत होता.

"डॉक्टर, मी ऑफिसमध्ये होतो. सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला," तो म्हणाला. "बँडचा. लोक हसायच्या इमोजी टाकत होते. ती माझी आई आहे हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. उद्या घराला सील लावलं असतं तर? या वयात ती कुठे उभी राहिली असती? मी नाही बघू शकलो. पाच मिनिटांत झालं सगळं, बिलावरचा नंबर टाकला की होतं."

त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण वर बसलेल्या बाईंचाही चेहरा मी पाहिला होता.

बाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. नुसता त्याचा फोन आला की उचलायच्या, "या मार्गावरच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. आणि मला म्हणाल्या, "उद्या सकाळी चला माझ्याबरोबर. साक्षीदार पाहिजे."

कार्यालयात त्या थेट खिडकीवर गेल्या.

"माझी थकबाकी परत द्या."

खिडकीतल्या मुलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काकू, पैसे परत पाहिजेत का?"

"पैसे माझे नाहीतच. ते ज्याचे असतील त्याला द्या. माझी थकबाकी मला परत द्या. मी ती वर्षभर सांभाळली होती. तुम्ही मला न विचारता दुसऱ्याकडून घेतलीत."

मुलीने संगणक बाईंकडे वळवला. "बघा ना काकू, तुमच्या नावावर शून्य दिसतंय."

"या शून्याचं मी काय करू?"

हळूहळू गर्दी जमली. साहेब आले. कर कुणीही भरला तरी जमा होतो, नियमात दुसरी सोय नाही, असं त्यांनी समजावलं. फार तर हे पैसे पुढच्या वर्षीच्या बिलातून वळते करता येतील. बाईंनी मान डावीकडे कलवून सगळं ऐकून घेतलं. मागे उभे असलेले पोकळे माझ्या कानाशी पुटपुटले, "पैसं परत मागाया रोज येत्यात, डॉक्टर. थकबाकी मागाया आलेलं हे पयलंच मानूस." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

रिक्षात बसल्यावर बाई म्हणाल्या, "आता मी कोण हो? बिल भरलेली म्हातारी. असल्या म्हाताऱ्या पेठेत गल्लोगल्ली आहेत. कोण विचारतं?" आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. पालिकेशी कुणीही लढू शकतं. पोटच्या पोराने मायेने केलेल्या गोष्टीशी कसं लढायचं, हे त्यांना कोणत्याही खात्याने शिकवलं नव्हतं.

दोन दिवस त्या खाली उतरल्या नाहीत. तिसऱ्या सकाळी घडीची खुर्ची मागायला आल्या. मी दिली. त्या खुर्ची घेऊन मागच्या रस्त्याला गेल्या आणि बंद दवाखान्याच्या दाराशी बसल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, "पेशंट आहे. डॉक्टर यायचेत." दुपारी मंगल येऊन पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी दम्याचे एक गुरुजी आले, तिसऱ्या दिवशी बाळाला डोस द्यायचा म्हणून एक पोर आली. घोषणा नाहीत, फलक नाहीत, नुसते आजारी लोक. ये-जा करणाऱ्याला प्रत्येक वेळी त्यांना वळसा घालून जावं लागे. गच्चीवरची मंडळीही यायला लागली. रांगेत उभं राहिल्याची भरपाई करावी, असं वाटलं असेल. पटवर्धनांनी सांधेदुखी आणली.

रविवारी कुणीतरी म्हणालं, आज तसाही दवाखाना बंदच असतो. "चालू असता तर रविवारी बंद असता," बाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या. त्या रविवारी मिलिंद आला. काही न बोलता खालच्या पायरीवर बसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्याला नीट टेकता यावं म्हणून. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "जेवलास का?"

दवाखाना उघडला. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग रोज. कशामुळे उघडला ते मला आजही नक्की ठाऊक नाही. बाईंचं म्हणणं, रोज त्याच त्या माणसांना ओलांडून जायचा माणसाला कंटाळा येतो. मंगलला गोळ्यांची स्ट्रिप मिळाली तेव्हा बाईंनी ती हातात घेऊन चष्म्याजवळ धरून बघितली आणि म्हणाल्या, "पट्टी भरली तर पट्टी मिळाली." त्यांनी केलेला हा एवढाच विजयोत्सव.

पुढच्या वर्षी त्या जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मिलिंद त्यांना बाणेरला घेऊन गेला. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. त्याआधी थोडे दिवस माझी त्यांची शेवटची भेट झाली. कवळी सैल झाली म्हणून फोन आला होता, ती घट्ट करून द्यायला मी गेलो.

उंच इमारत, वर बरंच वारं. बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या, पार लहान झालेल्या. बाहेरच्या हॉलमध्ये बरीच माणसं होती. सोसायटीला नळाचं पाणी जेमतेम येतं, बाकी टँकर, आणि कर पुरा. त्याचीच सभा चालू होती, आणि बोलत मिलिंद होता. दार अर्धवट उघडं होतं.

"गाइज, मी सिरियसली सांगतोय," तो म्हणत होता. आवाज थोडा कापत होता. "टॅक्स पण आपणच भरायचा आणि टँकर पण आपणच आणायचा, हे मी नाही करणार. या वर्षीचा मी भरलेला नाही. नोटीस आलीय. येऊ दे. पाणी येईपर्यंत मी भरणार नाही."

मला इतका आनंद झाला की कवळी हातातच राहिली. "काय दामलेबाई," मी म्हणालो, "पोरगा गेला की तुमच्या वळणावर!"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी कवळी बसवून घेतली, दात दोनदा दाबून पाहिले.

"घरावर कर्ज आहे हो त्याच्या," त्या म्हणाल्या. "नोकरीत आज आहे, उद्या नाही, असं चाललंय. पोरं शिकतायत. उद्या दाराला सील लावलं म्हणजे?"

"तुमच्याही दाराला लागणार होतं."

"माझी गोष्ट वेगळी."

बाहेर टाळ्या वाजल्या. बाईंनी माझी बाही धरून मला जवळ ओढलं.

"डॉक्टर, ते मोबाइलवरून भरतात ना, ते तुम्हाला येतं का हो? दुसऱ्याच्या नावाचा भरला तर चालतो ना?"

"चालतो," मी म्हणालो. "बिलावरचा नंबर लागतो."

"नंबर आहे माझ्याकडे," दामलेबाई म्हणाल्या. मग दाराकडे पाहून त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "फक्त त्याला कळता कामा नये."